विश्लेषण : दहा लाखांची सायकल लाखात? स्वस्त कार्बन रोड बाइक घेण्याआधी हे वाचा

लाल-काळा रंग, नळीवर इटालियन नाव, वजन साडेसात किलो. शोरूममध्ये अशा कार्बन रोड सायकलची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. इन्स्टाग्रामवर तीच, म्हणजे दिसायला तीच, लाख-सव्वा लाखात ‘फॅक्टरी डायरेक्ट’ मिळते. नुसती फ्रेम हवी असेल तर ४०-५० हजारांत काम होते. रविवारी पहाटे द्रोणागिरी, उलवे, खारघरहून निघणाऱ्या सायकलस्वारांच्या ग्रुपवर असा फोटो आला की खाली पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘घेऊ का?’ उत्तरे दोन टोकांची येतात. एक म्हणतो, ‘सगळ्या चीनमध्येच बनतात, लेबलचे पैसे कशाला द्यायचे?’ दुसरा म्हणतो, ‘घाटात तुटेल, जीव जाईल.’ दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत.

हा प्रश्न आताच का?

उरण तालुक्यातला सिडकोचा द्रोणागिरी नोड बरीच वर्षे रिकाम्या इमारती आणि कंटेनर यार्डांसाठी ओळखला जात होता. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण लोकल सुरू झाली. त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले. पुलावर सायकलींना आणि दुचाकींना बंदी असली तरी या दोन्हींमुळे इथे राहायला येणाऱ्यांचा ओघ वाढला. नवे रस्ते रुंद आणि सपाट आहेत. पहाटे ट्रेलर कमी असताना सायकल चालवायला ते चांगलेही आहेत. खोपटे पूल ओलांडून कोप्रोली-चिरनेरकडे गेले की गाव, शेत आणि डोंगर लागतात. त्यात जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. आंतरराष्ट्रीय संघांच्या सायकली महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून धावताना लोकांनी पाहिल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. हौस वाढली आणि खिसा होता तेवढाच राहिला. ही दरी भरायला बिनब्रँडच्या आणि नकली सायकली पुढे आल्या.

बिनब्रँडची आणि नकली, यात फरक काय?

सगळा घोळ इथे आहे. ग्रुपवर ‘चायनीज कार्बन’ या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू कोंबल्या जातात.

पहिली ‘ओपन मोल्ड’ फ्रेम. चीनमधला कारखाना स्वतःचा आराखडा करतो, साचा बनवतो आणि मागेल त्याला फ्रेम विकतो. त्यावर नाव नसते किंवा घेणारा आपले नाव छापून घेतो. अनेक देशांतले छोटे ब्रँड याच मार्गाने उभे राहिले. यात बेकायदा काही नाही. दुसरी म्हणजे चिनी कारखान्यांनी स्वतःच्या नावाने काढलेले ब्रँड. विन्स्पेस, योलिओ, आयकॅन ही त्यातली ओळखीची नावे. यांच्याकडे वेबसाइट, मॉडेल क्रमांक, वॉरंटी आणि तक्रारीचा पत्ता असतो. तिसरी रेप्लिका, म्हणजे पिनारेलो, स्पेशलाइज्ड, कोलनागो अशा नावांची बनावट फ्रेम. नकली पिनारेलोंची जगभर इतकी चलती आहे की इंग्रजीत त्यांना ‘चायनारेलो’ असे टोपणनावच पडले आहे.

पहिल्या दोन वस्तूंबाबत ‘चांगली की वाईट’ ही चर्चा करता येते. तिसरीबाबत ती करण्यातही अर्थ नाही, आणि त्याचे कारण नैतिकतेपेक्षा व्यवहाराचे आहे. स्वतःच्या नावाने फ्रेम विकणाऱ्याची फ्रेम मोडली तर त्याचे नाव खराब होते. दुसऱ्याच्या नावाने विकणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. उद्या तो अकाउंट बंद करून नव्या नावाने उघडतो. शिवाय मूळ कंपनीने तो आकार आपल्या थरांच्या रचनेसाठी आखलेला असतो. नक्कल करणारा बाहेरचा आकार उचलतो. आतली रचना त्याला दिसत नाही.

साचा सारखा असला की फ्रेम सारखी नसते का?

नसते. कार्बन ही लोखंडासारखी एकसंध वस्तू नाही. केसापेक्षा बारीक धागे राळेत, म्हणजे इपॉक्सीत भिजवून त्यांचे कापडासारखे पट्टे करतात. हे पट्टे कापून, ठरलेल्या कोनात एकावर एक बसवून, साच्यात घालून तापवले की नळी तयार होते. एका फ्रेममध्ये असे शेकडो तुकडे असतात आणि ते अजूनही बहुतांश हातानेच लावले जातात. धागा त्याच्या लांबीच्या दिशेने प्रचंड मजबूत असतो, आडव्या दिशेने जवळजवळ कामाचा नसतो. म्हणून कोणता तुकडा कुठे आणि किती अंशात बसवायचा, यातच खरी अक्कल आहे. (मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षी ‘कंपोझिट्स’ हा विषय ऑप्शनला टाकणाऱ्यांना हे आता पटेल.) एक थर कमी घातला किंवा तिरका बसला तर बाहेरून काही कळत नाही. रंग चढवल्यावर तर मुळीच नाही.

दुसरा मुद्दा दाबाचा. नळी पोकळ असते. साच्यात तापत असताना थर आतून दाबून धरावे लागतात. चांगल्या कारखान्यात त्यासाठी नळीच्या नेमक्या आकाराचा गाभा किंवा रबरी फुगा वापरतात. स्वस्तात साधी प्लास्टिकची पिशवी फुगवतात. ती कोपऱ्यांत नीट बसत नाही, थरांना चुण्या पडतात आणि मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात. भेग सुरू होते ती बहुधा तिथूनच.

जाहिरातीत ‘टी-८००’, ‘टी-१०००’ असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. ही जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्यांची नावे आहेत. टी-७०० ची ताणशक्ती सुमारे ४,९०० मेगापास्कल आणि टी-१००० ची ६,३०० च्या पुढे आहे, हे खरे. पण हा आकडा सुट्या धाग्याचा असतो, तुमच्या फ्रेमचा नसतो. नीट रचलेली टी-७०० ची फ्रेम चुणीदार टी-१००० पेक्षा केव्हाही बरी. आणि तयार फ्रेममध्ये नेमका कोणता धागा आहे, हे डोळ्यांनी सांगणे कुणालाही शक्य नाही.

पोलाद आधी वाकते, ॲल्युमिनियमला बहुधा आधी दिसणारी भेग पडते. कार्बन मात्र बराच काळ काहीच दाखवत नाही आणि मग एकदम तुटू शकतो. मागची नळी तुटली तर तुम्ही रिक्षाने घरी याल. पुढच्या फोर्कचा वरचा दांडा, म्हणजे हँडलच्या स्टेमखाली जाणारा स्टिअरर तुटला तर चेहरा रस्त्यावर आपटतो. म्हणून स्वस्त कार्बन घेताना लोक फ्रेमबद्दल जेवढी चौकशी करतात त्याच्या दुप्पट फोर्कबद्दल करायला हवी.

चाचणी झालेली असते का?

सायकलींच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएसओ ४२१०’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात फ्रेमवर वजन पाडून आणि फ्रेम आपटून पाहतात, फोर्क वाकवून पाहतात. पेडलच्या जागी आळीपाळीने जोर देण्याची चाचणी एक लाख वेळा चालते. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या वेगाने पाहिले तर हे जेमतेम २१ तासांचे पेडलिंग झाले, म्हणजे चार-पाच रविवार. पण चाचणीतला जोर रोजच्या पेडलिंगपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, त्यामुळे तिला अर्थ आहे.

विक्रेत्याकडे हा अहवाल मागा. नामांकित प्रयोगशाळेचे नाव, तारीख, मॉडेल क्रमांक आणि फोर्कचा स्वतंत्र उल्लेख त्यात हवा. ‘सर्व फ्रेम टेस्टेड’ असा व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे अहवाल नव्हे. खरा अहवालही एका नमुन्याचा असतो. तुमच्या घरी आलेली फ्रेम त्याच काळजीने बनली, याची हमी तो देत नाही. एवढी मर्यादा लक्षात ठेवूनही ज्याच्याकडे अहवाल आहे तो नसलेल्यापेक्षा शंभर पटींनी बरा.

आणखी एक गैरसमज यूसीआयच्या स्टिकरचा. सायकलिंगच्या या जागतिक संघटनेने २०११ पासून शर्यतीच्या फ्रेमना मान्यता देण्याची पद्धत आणली. ती मान्यता आकार आणि नियमांची असते, मजबुतीची नसते. आणि स्टिकर छापायला किती पैसे लागतात, हे सीवूड्सच्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याला विचारा.

द्रोणागिरीच्या हवेत कार्बन टिकतो का?

कार्बन गंजत नाही, हे अगदी खरे. पण सायकलमध्ये कार्बनला चिकटून ॲल्युमिनियमही असते : बाटलीच्या स्टँडचे स्क्रू जिथे बसतात त्या रिव्हेट, पेडलच्या अक्षाची बाही म्हणजे बॉटम ब्रॅकेट, काही फ्रेममध्ये सीटपोस्ट. कार्बन विजेचा वाहक आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसू लागते, सीटपोस्ट जाम होतो, रिव्हेट सैल पडून बाटलीचा स्टँड खडखडतो. बॉटम ब्रॅकेटची बाही फ्रेममध्ये नुसती डिंकाने बसवलेली असेल तर ती सुटूही शकते.

चांगल्या कारखान्यात कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये काचतंतूंचा पातळ थर घालतात. त्यामुळे दोघांचा थेट संपर्क टळतो. स्वस्त फ्रेममध्ये तो आहे की नाही, हे विचारूनच कळेल. द्रोणागिरीच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. करंजा किंवा पिरवाडीपर्यंत फेरी मारून आलेली सायकल खिडकीच्या ग्रिलला टेकवून ठेवली तर बंगळुरूतल्या फ्रेमला पाच वर्षांत जे होईल, ते इथे लवकर होईल. अंगावरच्या घामातही मीठच असते, हे वेगळे. उपाय साधे आहेत. गोड्या पाण्याने धुवा, कोरडी करा. दर दोन-तीन महिन्यांनी सीटपोस्ट काढून पुसा आणि कार्बनसाठी मिळणारी पेस्ट लावून परत बसवा.

पावसाळ्यात वेगळीच अडचण येते. नव्या फॅशनच्या फ्रेममध्ये ब्रेक आणि गिअरच्या सगळ्या केबल हँडलमधून, हेडसेटच्या बेअरिंगमधून आत जातात. दिसायला सुंदर. पण इथल्या चार महिन्यांच्या पावसात हेडसेटचे बेअरिंग गंजले की ते बदलायला केबल किंवा ब्रेकच्या होज सोडवाव्या लागतात. अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते आणि बिलही तसेच येते. अनोळखी फ्रेम पाहून मेकॅनिक हात जोडतो, तो याचसाठी.

इथल्या रस्त्यांबद्दलही बोलायला हवे. जेएनपीएकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंटेनर ट्रेलरची रांग असते. कडेला खडी, पट्ट्यांचे तुकडे, नट-बोल्ट पडलेले असतात. पावसानंतरच्या खड्ड्यांबद्दल वेगळे सांगायला नको. जुन्या आराखड्याच्या अनेक नकली फ्रेममध्ये २५ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर बसत नाही. इथे २८ किंवा ३२ बसणारी फ्रेमच घ्यावी.

वजन कमी झाल्याचा फायदा किती?

गणित करून पाहू. तुमचे वजन ७२ किलो, सायकल, बाटली आणि सामान धरून एकूण ८३. ॲल्युमिनियमऐवजी कार्बन घेऊन दीड किलो वाचले, म्हणजे १.८ टक्के. चढावर वेळ साधारण वजनाच्या प्रमाणात लागतो. खोपोलीहून बोरघाट चढायला समजा अर्धा तास लागत असेल, तर वाचतील सुमारे ३२ सेकंद. पामबीच रोडसारख्या सपाट रस्त्यावर लढाई हवेशी असते, वजनाशी नाही. तिथे दीड किलोचा फरक जाणवणारही नाही. तेवढाच फायदा हवा असेल तर शरीराचे दीड किलो कमी करणे फुकटात होते, हे खवचट वाटले तरी खरे आहे. स्पर्धेत ३२ सेकंद म्हणजे बरेच काही असते. पण २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. तिथे अर्ध्या मिनिटाने काही अडत नाही.

उतारावर मात्र स्वस्त कार्बन महागात पडू शकतो, विशेषतः कार्बनच्या रिमवरच ब्रेक दाबणाऱ्या सायकलींत. ८३ किलो वजन ४०० मीटर खाली येताना जी ऊर्जा सुटते तिच्यात एक लिटर पाणी उकळू शकते. यातली बरीच हवेच्या विरोधात संपते, पण ब्रेक धरून सावकाश उतरणाऱ्याची बरीचशी रिममध्ये जाते. ॲल्युमिनियम उष्णता पसरवून टाकतो, कार्बनची राळ मऊ पडते. मऊ रिम टायरच्या हवेने फुगते किंवा थर सुटतात. घाट उतरणार असाल तर डिस्क ब्रेक घ्या, नाहीतर ॲल्युमिनियमची रिम तरी ठेवा. आणि रिम ‘हुकलेस’ प्रकारची असेल तर हवेची मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते. पंक्चरवाल्याने सवयीने शंभर भरले की टायर रिमवरून निसटू शकतो.

मागवताना कस्टम्स आणि कायदा काय म्हणतो?

नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अलीएक्स्प्रेसवर बंदी घातली. तेव्हापासून खरेदी थेट कारखान्याशी बोलून किंवा भारतातल्या पुनर्विक्रेत्यांकडून होते. समोर न्हावा-शेवा बंदर असले आणि तिथून वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर (टीईयू) ये-जा करत असले, तरी तुमची एकटी फ्रेम बहुधा हवाई कुरिअरने येते. शुल्क वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. पूर्ण सायकलींवरचे आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के करण्यात आले. सुट्या फ्रेमचे वर्गीकरण वेगळे असते, म्हणून पैसे भरण्याआधी कुरिअर कंपनीकडून लेखी अंदाज घ्या. ४५ हजारांची फ्रेम दारात येईपर्यंत ६० च्या पुढे गेल्यास नवल नाही.

‘बिलावर ६० डॉलर लिहितो, गिफ्ट म्हणतो’ असे विक्रेता सांगतो. किंमत कमी दाखवणे हा गुन्हा आहेच. शिवाय डिसेंबर २०१९ पासून परदेशी पार्सलला ‘गिफ्ट’ म्हणून मिळणारी सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांसारखे अपवाद सोडता बंद झाली आहे. पार्सल फुटून आले तर भरपाईही त्या ६० डॉलरच्या हिशेबानेच मिळणार.

रेप्लिकाचे प्रकरण आणखी वेगळे. बौद्धिक संपदा हक्कांबाबतच्या २००७ च्या आयात नियमांनुसार कस्टम्स बनावट नाममुद्रेचा माल अडवू शकते. वैयक्तिक वापराच्या छोट्या पार्सलला त्यातून सूट आहे, पण तुमची फ्रेम ‘वैयक्तिक’ आहे की विक्रीसाठी, हे टेबलापलीकडचा अधिकारी ठरवतो. बनावट नाममुद्रेचा माल विकणाऱ्याला ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. दोन वर्षांनी तुम्ही तीच सायकल ओएलएक्सवर ‘ओरिजिनल’ म्हणून विकली तर फसवणूक करणारे तुम्ही ठरता. अशा किती सायकली आधीच सेकंडहँड बाजारात फिरत असतील, याचा विचार वापरलेली कार्बन सायकल घेणाऱ्यानेही करावा. बॉटम ब्रॅकेटखालचा सीरियल क्रमांक अधिकृत डीलरकडून तपासून घ्यायला काही लागत नाही.

भारतातल्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे आणि १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. शेन्झेनच्या व्हॉट्सॲप नंबरला नोटीस कोण बजावणार?

तरीही घ्यायचीच असेल तर?

पहिली रोड सायकल असेल तर घेऊ नका, असे आमचे मत. त्याच पैशांत किंवा त्याहून कमीत कार्बन फोर्क असलेली, ओळखीच्या ब्रँडची ॲल्युमिनियम सायकल मिळते, आणि वाचलेल्या पैशांतून चांगले टायर, हेल्मेट आणि मागचा दिवा येतो. ट्रेलरच्या रस्त्यावर दीड किलोपेक्षा दिवा महत्त्वाचा.

दोन-तीन वर्षे सायकल चालवली आहे, पाना हातात धरता येतो आणि तरीही कार्बन हवा असेल, तर स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कारखान्याची फ्रेम घ्या. चुडीचा बॉटम ब्रॅकेट असलेली निवडा. स्वस्त फ्रेममध्ये दाबून बसवायचे भोक नेमके गोल नसले की आयुष्यभर कुरकुर ऐकावी लागते. मागचा गिअर जिथे टांगतात तो हँगर ऑर्डरसोबतच दोन जादा मागवा. सायकल एकदा आडवी पडली की तो वाकतो आणि त्या फ्रेमचा हँगर वाशीच्या दुकानात मिळत नाही. खोके उघडताना व्हिडिओ काढा. फोर्कचा स्टिअरर आत बॅटरी मारून पाहा : चुण्या, पांढरे डाग, सुटलेले थर दिसले तर न जोडता परत करा. नळ्यांवर नाण्याने हलके टकटक करा. आवाज एके ठिकाणी अचानक बोदा झाला तर तिथे शंका घ्यायला जागा आहे.

बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू नका. स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटरला बसतात. त्यासाठी टॉर्क रेंच घ्या किंवा ज्याच्याकडे आहे त्याच दुकानात जा. कार्बन फ्रेममधल्या कित्येक भेगा कारखान्यातल्या नसून अशा आवळण्याने पडलेल्या असतात. पहिले काही आठवडे सपाटीवरच चालवा, मग स्टेम काढून स्टिअरर पुन्हा एकदा पाहा. बोरघाट त्यानंतर.